धवलारणीची गारी

पंढरीला गावात सगळे अरेतुरे करतात आणि त्याच्या बायकोला अहोजाहो. यात पंढरीचा अपमान करावा असं कुणाच्या मनात नसतं. यशोदाबाई धवलारीण आहेत, एवढंच. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो मागाहून. त्याच्याआधी मांडवात धवलारीण बसते, धवले गाते आणि एकेका देवाचं नाव घेऊन त्याला लग्नाचं आवतण देते. तिने बोलावल्याशिवाय देव येत नाहीत आणि देव आल्याशिवाय हळद लागत नाही. अशा बाईला 'ए यशोदे' म्हणायची छाती कुणाची होणार? पंढरीची होते, पण तो तिला घेऊन जाणारा माणूस. घेऊन जाणाऱ्याला थोडी सूट असते.

घेऊन जायचं ते मोटारसायकलवर. शंभर सीसीची, काळी, टाकीवरचं नाव पुसून गेलेली. गावाच्या तोंडात गाडीची 'गारी' होते. पंढरीच्या दारात आता मुलाची चारचाकी आहे, भाडेकरूंच्या सहा-सात दुचाक्या आहेत, एक विजेवर चालणारी स्कूटरही आहे. पण 'गारी' म्हटलं की ती हीच. बाकीच्यांना त्यांच्या त्यांच्या कंपनीच्या नावाने ओळखतात.

आता दारात चारचाकी असताना धवलारणीने मोटारसायकलवर का बसावं, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. गावातल्याला पडत नाही. लग्नघराचा मांडव गल्लीत असतो आणि गल्ली मांडवाएवढीच असते. चारचाकी लावायची तर मेन रोडला, मग धवलारणीने पदरात तांदूळ घेऊन गटाराच्या फळ्यांवरून उड्या मारत जायचं. गारी मात्र डेकोरेशनवाल्याच्या बांबूंमधून, आचाऱ्याच्या कढयांना वळसा घालून थेट पाटापर्यंत जाते. शिवाय चारचाकीतल्या एसीने यशोदाबाईंचा गळा धरतो. हरेशने, म्हणजे मुलाने, एकदा आग्रहाने नेलं होतं. त्या लग्नात देवांना खोकत खोकत बोलावलं गेलं, आणि नवऱ्या मुलाची आई अजून म्हणते की म्हणूनच सून अशी निघाली.

तरी हरेश हट्ट सोडत नव्हता. त्याचंही चुकत नव्हतं. बाप साठीच्या पुढचा, आई जवळपास तेवढीच, मधे सायन-पनवेल हायवे आणि त्यावर कंटेनर. दिवाळीत जेवताना त्याने विषय काढला.

"बाबा, आपन असं करू. ती गारी ज्या दिवशी चालू होनार नाय, त्या दिवशी भंगारवाल्याला देऊ. तोवर मी एक शब्द बोलनार नाय. मान्य?"

पंढरीच्या तोंडात त्या वेळी पाल्याचा काटा होता. ज्यांनी पाला खाल्लाय त्यांना ठाऊक आहे, त्या माशाच्या काट्यांपुढे माणसाला वाद घालता येत नाही. तो "हूं" म्हणाला. हरेशने त्याचा अर्थ होकार घेतला, सून नमिता साक्षीला होती, आणि करार झाला.

काटा निघाल्यावर पंढरीच्या लक्षात आलं की आपण नुसती गारी लावली नाही पणाला. गारी गेली की यशोदाबाई हरेशच्या गाडीत जाणार. मग पंढरीने कशाला जायचं? आज प्रत्येक मांडवात त्याला पंख्याखालची खुर्ची मिळते, पहिला चहा मिळतो, 'धवलारणीला आनलं का?' म्हणून चार माणसं विचारतात. हे सगळं त्या दोन चाकांवर होतं. कंपनीतून रिटायर झाल्यापासून त्याला दुसरीकडे कुठे कुणी काही विचारत नव्हतं. घरात विचारायचे, 'बाबा, चार्जर बघितला का?'

आणि पुढच्या चार महिन्यांत गुडघा गेला.

तसा तो हळूहळू चालला होताच, शिमग्याला पुरता गेला. सीवूड्सच्या डॉक्टरने फोटो काढून तो उजेडावर धरला आणि सांगितलं, मांडी घालू नका, जिने चढू नका, आणि मोटारसायकलची किक तर विसराच. घरी येऊन पंढरीने पहिल्या दोन गोष्टी सांगितल्या. तिसरी गिळली. ती पाल्याच्या काट्यासारखीच कुठेतरी अडकून राहिली.

किक विसरायची म्हणजे काय विसरायचं, हे त्या डॉक्टरला कसं कळणार? पंढरीचं निम्मं आयुष्य त्या दांडीवर उभं होतं. तळोज्याच्या कंपनीत लागला तेव्हा ही गारी नवी होती, आणि एका किकेत चालू करणं ही त्या वेळची मर्दुमकी होती. गेटबाहेर शिफ्ट सुटली की तो घाई न करता, बोलता बोलता, दुसरीकडेच बघत किक मारायचा आणि गारी चालू व्हायची. पुढे चाळिशीत दोन किका लागायला लागल्या. तेव्हा चोक ओढायचा, एक किक चावी बंद ठेवून मारायची आणि दुसरी चावी लावून. पन्नाशीत गारीला कुशीवर घ्यावं लागायचं. डावीकडे जमिनीपर्यंत झुकवायची, पेट्रोलला वाट मिळू द्यायची, उभी करायची आणि मग किक. कधी प्लग काढून पुसायचा. कधी टाकीचं झाकण उघडून आत फुंकर मारायची, त्याने तोंडाला दिवसभर पेट्रोलचा वास येतो आणि बायको बोलत नाही. सेल्फचं बटण होतं, पण बॅटरीने कधीच राम म्हटला होता. ते बटण आता शोभेचं होतं.

म्हणजे चालू करायच्या तऱ्हा पुष्कळ होत्या, पण सगळ्या शेवटी किकेवरच येऊन थांबायच्या. ती टाळायची तर माणूस पाहिजे. माणूस मिळाला तो वरच्या मजल्यावरचा भाडेकरू सौरभ. ऐरोलीला कंपनीत कामाला, बहुतेक घरूनच काम करायचा, विजेची स्कूटर त्याचीच. मुलगा चांगला. यशोदाबाई खाली यायच्या आधी तो हळूच यायचा, पंढरीच्या गारीला किक मारून चालू करून द्यायचा आणि निघून जायचा. यशोदाबाई येईपर्यंत पंढरी एक्सलेटर पिळत, काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने उभा. हरेशने गॅलरीतून पाहिलं तरी त्याला चालू गारीच दिसायची. असा लग्नाचा हंगाम निभावत आणला.

मे महिन्यात नावड्याचं लग्न आलं. दुपारी चारला घाणा भरायचा, म्हणजे मुसळांनी धान्य कांडायचं, तिथूनच सगळ्याची सुरुवात, आणि त्याला धवलारीण पाहिजेच. ऊन असं की दारातली कुत्रीसुद्धा भाडेकरूंच्या गाड्यांच्या सावलीत वाटणी करून बसली होती. सौरभ आला, दोन किकेत गारी चालू केली. पंढरी पाण्याची बाटली आणायला आत गेला. आला तर गारी गप्प.

"अरे, काय झालं?"

"काका, तुम्हाला वेळ लागत होता ना. पेट्रोल उगाच जळतंय म्हणून बंद केली." सौरभ चांगुलपणाने म्हणाला. विजेच्या स्कूटरवाल्याला बंद करणं आणि चालू करणं ही सारखीच सोपी कामं वाटतात.

पंढरी काही बोलणार तोवर यशोदाबाई आल्याच. हिरवं लुगडं, अंबाड्यात गजरा, पदरात देवाचे तांदूळ. पाठोपाठ नमिता हळदीकुंकवाचं ताट घेऊन. यशोदाबाईंनी गारीला कुंकू लावलं आणि मागे बसल्या. आता इथे एक अडचण सांगायला हवी. देवाचं आवतण घेऊन निघालेल्या बाईने एकदा वाहनावर बसलं की दारात उतरायचं नाही, आणि निघाली की आपल्या दारावरून परत जायचं नाही. यशोदाबाईंच्या सासूने हे पाळलं, तेव्हा तर बैलगाडी होती.

"चला," यशोदाबाई म्हणाल्या.

पंढरीने सेल्फचं बटण दाबलं. माणूस बुडताना असंच काहीही धरतो. मग चोक ओढला. मग पेट्रोलची तोटी रिझर्व्हवर केली, परत आणली. हरेश गल्लीच्या तोंडाशी आपली चारचाकी लावून, काच खाली करून, बोटात किल्ली फिरवत बघत होता. तो काही बोलत नव्हता. करार पाळत होता.

"काका, मी मारू का किक?" सौरभ.

"नको. तुजी चप्पल निसटते." सौरभच्या पायात बूट होते.

"मग तुमी मारा की," यशोदाबाई मागून म्हणाल्या.

"मारतो ना. जरा कुशीवर घेतो." मागे बाई बसलेली असताना गारी कुशीवर घेता येत नाही, हे त्याला ती अर्धी कलल्यावर कळलं. यशोदाबाईंनी एका हाताने त्याचा खांदा आणि दुसऱ्याने पदरातले तांदूळ धरले.

"देव सांडतील अवो."

त्याने गारी सरळ केली, खाली बसून प्लग काढावा म्हणून वाकला, गुडघ्यातून एक कळ थेट कानात गेली, आणि वाकणं पूर्ण न करताच तो उभा राहिला. घामाने डोळे चुरचुरत होते. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला वाटलं, होऊ दे बंद. घेऊन जाऊ दे भंगारवाल्याला. आपण आत जाऊन, फरशीवर आडवं पडून, पंख्याकडे बघावं. किती वर्षं माणसाने एकाच गोष्टीला लाथा मारत राहायचं?

"बाबा," हरेश गाडीतून उतरून आला. आवाज मवाळ होता. "सोड आता. आई, चल, मी एसी बंद ठेवतो."

"मी उतरनार नाय," यशोदाबाई म्हणाल्या. "दारात कशी उतरू? तू धक्का मार."

"मी? अगं, मीच धक्का मारू? धक्क्याची चालू झाली तर मी मोजनार नाय."

"नको मोजू. देवाच्या कामाला हात लावतोस का तेवढं सांग."

हरेश हरला, पण धंदा करणारा माणूस, काही ना काही पदरात पाडून घेतल्याशिवाय हरत नाही. "बरं. हिच्यावरनं नावड्याला पोचलात तर मानलं. नाय पोचलात तर आज संध्याकाळी भंगारवाला."

पंढरी पुन्हा "हूं" म्हणाला. या वेळी तोंडात काटाही नव्हता.

धक्का मारायचा तर उताराकडे, आणि गल्लीचा उतार खाडीकडे. सौरभ आणि हरेशने मागून लावला जोर. पंढरीने दुसरा गिअर टाकून क्लच दाबून धरला, गारीने वेग घेतला, नमिताच्या ताटातलं कुंकू उडालं, आणि शेजारच्या सगुणा मावशीच्या दारासमोर त्याने क्लच सोडला. गारीने एक आचका दिला, खाकरली आणि चालू झाली. पंढरीला एवढा आनंद झाला की तो तसाच पुढे गेला.

पुढे गेल्यावर आठवलं की पुढे काही नाही. ही गल्ली खाडीच्या बाजूला एका मोठ्या सोसायटीच्या मागच्या गेटाशी संपते. मेन रोड मागे, आणि मागे जायचं म्हणजे आपल्याच दारावरून.

"वळवू का?" त्याने चाचरत विचारलं.

"दारावरनं?" यशोदाबाईंनी एवढंच म्हटलं.

म्हणून धवलारणीची गारी सोसायटीच्या मागच्या गेटाशी जाऊन उभी राहिली. आतून आरपार गेलं की समोरच्या मोठ्या गेटाने रुंद रस्ता. तिथे उदयसिंह नावाचा वॉचमन होता, निळ्या गणवेशात, हातात मोबाइल.

"किधर जाना है, अंकल? फ्लॅट नंबर?"

"फ्लॅट नाय. आरपार जायचंय." पंढरी एक्सलेटर पिळत राहिला. तो सोडला की संपलं.

"आरपार का ऑप्शन नहीं है इसमें." उदयसिंहने मोबाइल दाखवला. "किसके यहाँ जाना है, वो डालना पडता है."

"ज्यांची जमीन होती त्यांच्याकडं," पंढरी म्हणाला. सोसायटीच्या जागी पूर्वी त्याच्या चुलत्याचं भाताचं खाचर होतं.

"वो कौनसे विंग में रहते हैं?"

याचं उत्तर शोधताना पंढरीचा हात ढिला पडला. गारीने दोन उचक्या दिल्या आणि गेली.

इथे उतार नव्हता, धक्का मारायला माणूस नव्हता. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. हरेश.

"बाबा, कुठंयस? आवाज बंद झाला म्हनून इचारलं."

"सोसायटीच्या मागच्या गेटाला," पंढरी म्हणाला. "ये. मोठ्या गेटाला ये गाडी घेऊन."

फोन ठेवून त्याने हेल्मेट काढलं आणि टाकीवर ठेवलं. त्याला दुःख वगैरे काही झालं नव्हतं. मोठं पोतं उतरवून ठेवल्यावर खांदा जसा बधिर लागतो, तसं लागत होतं.

"उतर गो," तो म्हणाला. "माज्यानं किक मारवत नाय. डॉक्टरनं नाय सांगितलंय. शिमग्यापासनं."

"मना म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय?"

"तुमची किक मी काय आज ऐकते? तुमी एकदाच मारता, दाबून. हा पोरगा दोनदा मारतो, फटफट. मी वर केस इंचरत असते तवा ऐकते. म्हटलं, सांगतील कदीतरी. हंगाम संपत आला तरी सांगत नाय."

एवढे दिवस एक्सलेटर पिळत उभं राहून केलेला सगळा अभिनय वाया गेला होता. "मग बोलली का नाय?"

"बोलून काय गुडगा बरा झाला असता?" यशोदाबाई खाली उतरल्या.

"अगं, उतरलीस?"

"दारात उतरायचं नाय. हे काय आपलं दार हाय?" त्यांनी पदरातल्या तांदळाची गाठ मारली, लुगडं खोचलं, चप्पल काढली. "ब्रेक धरा. पाय कुठं ठेवायचा ते सांगा."

"तू?"

"मिठागरातला चिखल तुडवून सपाट केलाय ह्या पायांनी. ही काय त्याच्याहून मोठी लागून गेली?"

उदयसिंहने मोबाइल खिशात टाकला आणि पुढे येऊन गारीचं हँडल धरलं. "माताजी, संभाल के. उलटी मारती है ये."

पहिली किक पोकळ गेली. दुसरी उलटली आणि दांडी नडगीवर बसली. यशोदाबाईंनी गारीला आगरी बोलीत जे ऐकवलं ते आवतणाला येणाऱ्या कुठल्याच देवाने ऐकलं नसावं अशी आशा आहे. पंढरी म्हणाला, "लाथ मारू नको. दाबत जा. अर्ध्यात आली की सोडून दे जीव तिच्यावर." तिसऱ्या वेळी त्यांनी अंगाचा भार टाकला, आणि गारी चालू झाली. कशी झाली ते गारीलाही कळलं नसावं.

"बैठो जल्दी," उदयसिंह म्हणाला, हेल्मेट पंढरीच्या डोक्यावर ठेवलं आणि गेट उघडलं. मोबाइलमध्ये त्याने काय टाकलं ते देव जाणे. आरपार जायला त्यांना वाटेत एक बाग, एक पोहण्याचा तलाव आणि तीन गतिरोधक लागले.

मोठ्या गेटाला हरेश उभा होता, मागचं दार उघडून. गारी त्याच्यासमोरून गेली. थांबवली असती तर विझली असती. यशोदाबाईंनी हात केला, मागनं ये. मग बेलापूर, खारघर, कळंबोली असा सगळा रस्ता पुढे गारी आणि मागे पार्किंग लाइट लावलेली चारचाकी. सिग्नलला पंढरी गारी न्यूट्रलवर टाकून एक्सलेटर पिळत राहायचा, शेजारचे रिक्षावाले वळून बघायचे. त्याचा गुडघा ठणकत होता, मनगट बधिर झालं होतं, पाठीला मागून एक ओळखीचं वजन टेकलेलं होतं. ती मधेच म्हणाली, "पुढल्या टायमाला खालनं ओरडत जा. मी खाली येऊन मारत जाईन. त्या पोराला कशाला उठवता कामातनं?" त्याने मान हलवली. हेल्मेटमुळे ती तिला दिसली असेल का, कोण जाणे.

नावड्यात मांडव गल्लीत होता, अर्थातच. हरेशला गाडी हायवेजवळ लावून चालत यावं लागलं. गारी मात्र थेट आत गेली, बांबूंमधून, आणि पाटाजवळ उभी राहिली. घाणा खोळंबला होता. "आली, आली," बायका म्हणाल्या. यशोदाबाई उतरल्या, पाय धुतले, नडगीवर फुगलेली गाठ लुगड्याने झाकली आणि पाटावर बसल्या.

पंढरीला पंख्याखाली खुर्ची मिळाली. त्याने आणखी एक मागून घेतली आणि पाय तिच्यावर टाकला. चहा आला. तो निवत राहिला, पण पिण्याइतकंही त्राण नव्हतं. घामाने निथळत हरेश आला आणि शेजारी बसला.

"पोचलात," तो म्हणाला.

"पोचलो."

तेवढ्यात मांडवातला एक माणूस धावत आला. आचाऱ्याचा टेम्पो आत घ्यायचा होता आणि गारी बरोब्बर वाटेत उभी होती. "कोनाची हाय? जरा काढा."

पंढरीने खिशातून किल्ली काढली आणि हरेशच्या मांडीवर ठेवली.

"ढकलून नेऊ?" हरेश म्हणाला.

"चढ हाय. चालू करूनच न्यावी लागंल. चोक ओढ. दाबत मार, लाथ मारू नको."

हरेश किल्ली घेऊन गेला. आत यशोदाबाईंनी पहिला देव बोलावला. आवाज स्वच्छ लागला होता. बाहेरून किकेचा आवाज आला, मग थोडा वेळ काही नाही, मग आणखी एक, मग टेम्पोवाल्याचा हॉर्न. यशोदाबाई दुसऱ्या देवाला हाक मारत होत्या. पंढरीने डोळे मिटून घेतले. बाहेर किका चालूच होत्या. तो उठला नाही.